स्फुरद मोकळा करणारे विकर : फॉस्फटेजची रचना आणि कार्य
(प्रस्तावना)

वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत स्फुरद कमी नाही. पिकाला मिळणारा स्फुरद कमी आहे. या पुस्तकाचा सगळा विषय या एका वाक्यातून निघतो. अकोला-अमरावतीकडच्या भारी जमिनीच्या वरच्या वीतभर थरात हेक्टरी कित्येक शे किलो स्फुरद असतो. मुळाला थेट शोषता येईल असा, मातीतल्या पाण्यात विरघळलेला स्फुरद मात्र कोणत्याही एका वेळी हेक्टरी एक किलोही भरत नाही. उरलेला दोन प्रकारे अडकून पडतो. काही भाग कॅल्शियमशी जखडलेला असतो. काही भाग सेंद्रिय पदार्थात, म्हणजे मेलेली मुळे, गळलेली पाने, शेण आणि जिवाणूंचे अवशेष यांच्या रेणूंत बांधलेला असतो. हा दुसरा भाग मोकळा करण्याचे काम विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, एक मोठे कुळ करते. त्या कुळाचे नाव फॉस्फटेज.

विकरांवरची पुस्तके बहुधा प्रयोगशाळेतून सुरू होतात आणि तिथेच संपतात. हे पुस्तक वावरातून सुरू करावे असे वाटले, कारण या विकराचा आमच्या भागाशी संबंध रोजचा आहे. पेरणीच्या तोंडावर डीएपीसाठी कृषी सेवा केंद्रापुढे लागणाऱ्या रांगा, सोयाबीनची ढेप, अमरावती जिल्ह्यातले कोंबड्यांचे शेड, दवाखान्यातला रक्ताचा रिपोर्ट, डेअरीत तपासले जाणारे दूध, या सगळ्या ठिकाणी ते हजर आहे. तरीही कृषी पदवीचा विद्यार्थी त्याची व्याख्या पाठ करतो आणि पुढे जातो. कास्तकाराला तर त्याचे नावही कोणी सांगत नाही. ही उणीव थोडी तरी भरून निघावी, हा या लेखनाचा हेतू आहे.

आधी मूळ रसायन पाहू. सजीवांच्या शरीरात फॉस्फरस, म्हणजेच स्फुरद, हा फॉस्फेटच्या रूपात असतो: मधे फॉस्फरसचा एक अणू आणि त्याच्या चार दिशांना ऑक्सिजनचे चार अणू. यांपैकी एका ऑक्सिजनमार्फत हा गट साखरेला, अल्कोहोलला किंवा प्रथिनातल्या एखाद्या अमिनो आम्लाला जोडला की फॉस्फेट एस्टर तयार होतो. डीएनएचा कणा याच जोडणीवर उभा आहे. पेशीतली ऊर्जा वाहणारे एटीपी, पेशीचे पटल बनवणारी फॉस्फोलिपिडे आणि बियांत साठवलेले फायटेट यांतही फॉस्फेट असाच बांधलेला असतो. निसर्गाने हीच जोडणी का निवडली, या प्रश्नावर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ फ्रँक वेस्टहायमर यांनी १९८७मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. त्यांच्या मांडणीचा सारांश असा: फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्याच्यावर चालून येणारा पाण्याचा रेणू परतवला जातो आणि जोडणी टिकून राहते, मात्र योग्य विकर भेटले की तीच जोडणी सहज सुटते. आनुवंशिक माहिती पिढ्यान्‌पिढ्या जपायची आणि पेशीचे व्यवहार क्षणाक्षणाला बदलायचे, या दोन्ही गरजा एकाच रसायनाने भागतात.

ही जोडणी किती टिकाऊ आहे, याचे मोजमाप रिचर्ड वुल्फेन्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केले. साध्या फॉस्फेट मोनोएस्टरचे द्रावण विकराशिवाय २५ अंश सेल्सिअसला नुसते ठेवून दिले, तर त्यातला निम्मा भाग सुटायला सुमारे १.१ लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे हा काळ त्याच्या जवळजवळ ऐंशीपट झाला. फॉस्फटेज हेच काम सेकंदाच्या अंशात करते. क्रियेचा वेग ते एकावर एकवीस शून्ये इतक्या पटीने वाढवू शकते. आजवर मोजल्या गेलेल्या विकरांत इतकी वेगवाढ घडवणारी विकरे फार थोडी आहेत. कुजलेल्या पानातला स्फुरद पुढच्या हंगामात पऱ्हाटीच्या मुळाशी पोचतो, तो या वेगवाढीमुळेच. हे विकर नसते, तर एकदा सजीवाच्या रेणूत अडकलेला स्फुरद पुन्हा कोणाच्या कामी आला नसता.

एवढा वेग येतो कुठून, हे कळायला विकराची रचना पाहावी लागते. या कुळातले सर्वांत बारकाईने अभ्यासलेले विकर म्हणजे ई. कोलाय या जिवाणूचे अल्कलाइन फॉस्फटेज. येल विद्यापीठात हॅरॉल्ड वायकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याच्या स्फटिकाचा अभ्यास केला. १९८५ आणि १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांनी अणू-अणूचे स्थान आणि क्रियेची पद्धत समोर आणली. हे विकर दोन सारख्या साखळ्यांचे जोडप्रथिन आहे. प्रत्येक साखळीत ४४९ अमिनो आम्ले असतात. ती घड्या घालून अशी बसतात की प्रत्येक साखळीत एक उथळ खळगा तयार होतो. हा खळगा म्हणजे विकराचे क्रियास्थान. त्यात जस्ताचे दोन आयन आणि मॅग्नेशियमचा एक आयन धरून ठेवलेले असतात. जस्ताच्या दोन आयनांतले अंतर सुमारे ४ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा पंचवीस लाखावा भाग आहे.

एका जोखडाला जुंपलेल्या बैलजोडीसारखे हे दोन आयन काम करतात. एकट्याने ओढ निघत नाही. फॉस्फेट एस्टर खळग्यात आला की साखळीतले १६६व्या क्रमांकाचे आर्जिनिन त्याच्या दोन ऑक्सिजनांना धरते. एक जस्त आयन १०२व्या क्रमांकाच्या सेरिनला हल्ल्यासाठी तयार करतो. सेरिनचा ऑक्सिजन फॉस्फरसवर चालून जातो. त्याच वेळी समोरच्या बाजूने सुटू पाहणाऱ्या ऑक्सिजनवरचा ऋणभार दुसरा जस्त आयन सांभाळतो. सेंद्रिय भाग सुटून निघून जातो आणि फॉस्फेट काही काळ सेरिनलाच चिकटून राहते. मग दोन्ही आयनांची कामे पालटतात. ज्या जस्ताने सुटणाऱ्या गटाला आधार दिला, तोच आता पाण्याच्या रेणूतला प्रोटॉन दूर करून त्याला हल्लेखोर बनवतो. तो रेणू फॉस्फेटवर दुसऱ्या बाजूने येतो, सेरिन मोकळे होते आणि फॉस्फेट बाहेर पडते. विकर पुन्हा पहिल्यासारखे कामाला तयार. या दोन पायऱ्यांत फॉस्फरसभोवतालची मांडणी दोनदा उलटते, म्हणजे शेवटी मूळ जागी येते. शास्त्रज्ञांनी ऑक्सिजनचे वेगवेगळे समस्थानिक वापरून हे तपासले आहे, आणि सेरिनला चिकटलेली मधली अवस्था खरोखर असते याचा हा एक भक्कम पुरावा आहे.

रचनेचे हे वर्णन दुसऱ्या प्रकरणात आकृत्यांसह आले आहे. विद्यार्थ्यांनी ते घाईने उलटू नये, कारण पुढच्या प्रत्येक व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर या खळग्यातच आहे. मोकळे झालेले फॉस्फेट त्याच खळग्यात पुन्हा बसू शकते, म्हणून भोवती फॉस्फेट जास्त झाले की विकर मंदावते. हे विकर अल्कधर्मी सामूला (पीएचला) चांगले चालते. धातूचे आयन काढून घेतले की ते निकामी होते.

फॉस्फटेज हे कुळ असल्याने सगळ्यांची घडण एकसारखी नसते. वनस्पतींची मुळे जी फॉस्फटेजे बाहेर सोडतात, त्यांतली बरीच जांभळ्या आम्ल फॉस्फटेजच्या गटात मोडतात. त्यांच्या क्रियास्थानी लोहाचा एक आयन आणि त्याच्या जोडीला जस्त, मँगनीज किंवा लोह असते. लोह आणि टायरोसिन यांच्या जोडणीमुळे त्या प्रथिनाला जांभळा रंग येतो. राजम्याच्या अशा विकराची रचना १९९५मध्ये उलगडली. मातीतल्या अनेक जिवाणूंकडे वेगळ्या घडणीची अल्कलाइन फॉस्फटेजे असतात. त्यांच्या क्रियास्थानी जस्ताऐवजी लोह आणि कॅल्शियम सापडते. तिसऱ्या गटात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल फॉस्फेटला धरते. बुरशींची आणि काही जिवाणूंची फायटेज विकरे या गटातली आहेत. धातू वेगळे, घडी वेगळी. पण फॉस्फरसवर नेमक्या कोनातून हल्ला चढवायचा आणि सुटणाऱ्या गटाला आधार द्यायचा, हे सूत्र सगळीकडे एकच. उत्क्रांतीने या एका प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या वाटांनी शोधली, हे या विषयातले सर्वांत विलोभनीय सत्य आहे.

आता आमच्या मातीकडे वळू. वऱ्हाडची काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यात फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे, चुनखडी भरपूर आणि सामू बहुधा ७.५ ते ८.५. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तो याहूनही वर जातो. अशा जमिनीत टाकलेला विद्राव्य स्फुरद लवकरच कॅल्शियमशी जखडतो. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ४६ टक्के, म्हणजे २३ किलो स्फुरद ऑक्साइडच्या हिशेबात असतो. मूलद्रव्याच्या हिशेबात तो जेमतेम १० किलो भरतो. त्यातला पाचवा हिस्सासुद्धा त्या हंगामातल्या पिकाला अनेकदा मिळत नाही. उरलेला जमिनीतच राहतो. भारतात खडक फॉस्फेटचे साठे थोडे असल्याने कच्चा माल, फॉस्फरिक आम्ल आणि तयार डीएपी मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात, आणि जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या वावरात अडकून पडलेला स्फुरद असा समुद्रापलीकडून आलेला आणि मोल देऊन घेतलेला असतो. तो मोकळा करण्याचा प्रश्न म्हणूनच पैशाचाही आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो पाठ्यपुस्तकांतही शिरला आहे. फॉस्फटेज हे कॅल्शियमशी जखडलेला खनिज स्फुरद विरघळवत नाही. त्या कामासाठी आम्ले लागतात. पीएसबी म्हणून मिळणाऱ्या जिवाणू खतातल्या बॅसिलस, स्युडोमोनास यांसारख्या जिवाणूंची ख्याती ती आम्ले सोडण्याबद्दल आहे. फॉस्फटेज काम करते ते सेंद्रिय स्फुरदावर. अनेक जिवाणू दोन्ही कामे करतात, म्हणून गोंधळ होतो. पण सेंद्रिय पदार्थच नसलेल्या जमिनीत फॉस्फटेजला सोडवण्यासारखे काही उरत नाही, आणि त्याला बनवणारे जीवही जगत नाहीत. पीएसबीची पाकिटे दरवर्षी वापरून गुण येत नाही अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा आधी त्या वावरातला सेंद्रिय कर्ब पाहावा.

मातीतल्या फॉस्फटेजचे आम्ल आणि अल्कधर्मी असे दोन मोठे भाग पडतात. आम्ल फॉस्फटेज मुळे आणि सूक्ष्मजीव दोघेही बनवतात. अल्कलाइन फॉस्फटेज मात्र मातीत मुख्यतः सूक्ष्मजीवांकडून येते. वरच्या दर्जाच्या वनस्पतींच्या मुळांतून ते येत नाही. वऱ्हाडसारख्या अल्कधर्मी जमिनीत हाच भाग प्रबळ असतो. याचा अर्थ सरळ आहे: आमच्या भागात सेंद्रिय स्फुरदाची मुक्ती मुख्यतः जिवाणूंच्या हाती आहे. ज्या वावरात पऱ्हाट्या आणि कुटार पेटवून दिले जाते, शेणखत वर्षानुवर्षे पडत नाही, त्या वावरात हे जिवाणू उपाशी राहतात.

हे मोजता येते, आणि मोजणे अवघड नाही. टबाटबाई आणि ब्रेमनर यांनी अमेरिकेतल्या आयोवामध्ये १९६९ साली मांडलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. एक ग्रॅम माती घ्यायची, सूक्ष्मजीवांची वाढ थांबवण्यासाठी टोल्युइनचे थेंब घालायचे, ठरलेल्या सामूचे द्रावण आणि पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट मिसळायचे आणि ३७ अंशांवर तासभर ठेवायचे. मातीतले विकर फॉस्फेट तोडते आणि पॅरा-नायट्रोफेनॉल मोकळे होते. मग कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून गाळले की पिवळा रंग दिसतो. रंग जितका गडद तितके विकर जास्त. आम्ल फॉस्फटेजसाठी सामू ६.५ आणि अल्कलाइनसाठी ११ ठेवतात. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग होऊ शकतो.

असे असूनही, १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत जे बारा निकष तपासले जातात, त्यांत एकही विकर नाही. पत्रिका आजचा उपलब्ध स्फुरद सांगते. उद्या तो मोकळा करण्याची ताकद त्या मातीत आहे का, हे ती सांगत नाही. पत्रिकेचे मोल कमी करण्याचा इथे हेतू नाही. गावोगावच्या कास्तकाराच्या हाती तपासणीचा कागद देणारी ती महत्त्वाची योजना आहे. तिला विकराचा हा तेरावा रकाना जोडला जावा, असे मला मनापासून वाटते.

या विचाराला आधार आमच्या घरातच आहे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. देशाचे कृषिमंत्री असताना आणि त्याआधी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारताना, शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती विज्ञान आले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. त्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर १९८८पासून काळ्या जमिनीवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. त्याच तुकड्यांना वर्षानुवर्षे तीच खते देऊन मातीत काय बदलते ते पाहायचे, असा हा प्रयोग. सुरुवातीला त्यात ज्वारी आणि गहू ही पिके होती. एका तुकड्याला काहीच नाही, एकाला नुसते नत्र, एकाला नत्र-स्फुरद-पालाश आणि एकाला त्यासोबत शेणखत. मातीतली विकरे आणि सूक्ष्मजीव मोजले तेव्हा शिफारशीच्या खतांसोबत शेणखत मिळालेले तुकडे पुढे निघाले आणि काहीच न मिळालेले मागे पडले.

इथे विद्यार्थ्याला एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. फॉस्फेट जास्त झाले की विकर मंदावते आणि जिवाणू ते बनवणेही थांबवतात, असे रचनेच्या प्रकरणात सांगितले. मग खत मिळालेल्या तुकड्यात विकर जास्त कसे? उत्तर असे की खतामुळे पीक वाढते, मुळे वाढतात, मुळांतून पाझरणारे अन्न वाढते आणि त्यावर जगणारे सूक्ष्मजीव वाढतात. प्रत्येक जिवाणू थोडे कमी विकर बनवत असला तरी जिवाणूंची एकूण वस्ती मोठी होते. शेणखताने ही वस्ती आणखी वाढते, कारण ते अन्नही देते आणि सोडवण्याजोगा सेंद्रिय स्फुरदही. रासायनिक खत की सेंद्रिय, या वादात अडकलेल्यांनी हा निष्कर्ष शांतपणे वाचावा. संतुलित खत आणि शेणखत एकत्र दिल्याने या जमिनीचे जीवन वाढले, असे अकोल्याच्या वावरातले उत्तर आहे.

पिकेही स्वतः हातपाय हलवतात. तूर आणि हरभरा ही वऱ्हाडची दोन लाडकी पिके या बाबतीत विलक्षण आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत १९९०च्या सुमारास झालेल्या संशोधनातून दिसले, की तुरीच्या मुळांतून पाझरणारे पिसिडिक आम्ल लोहाला पकडून लाल मातीत लोहाशी जखडलेला स्फुरद मोकळा करते. हरभऱ्याची मुळे सायट्रिक आम्ल सोडतात आणि चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमशी जखडलेल्या स्फुरदावर लागू पडते. त्याखेरीज हरभऱ्याची मुळे आम्ल फॉस्फटेजही भरपूर सोडतात. चीनमधल्या प्रयोगांत हरभऱ्याशेजारी लावलेल्या मक्याला आणि गव्हाला सेंद्रिय स्फुरदाचा लाभ झालेला आढळला. आपल्या आजोबा-पणजोबांनी कडधान्यांची फेरपालट सोडली नाही, त्यामागे नत्राचे कारण आपण नेहमी सांगतो. स्फुरदाचे कारणही तितक्याच ठामपणे सांगायला हवे.

पुस्तकाचा चौथा भाग सोयाबीन आणि फायटेजबद्दल आहे. गेल्या काही दशकांत सोयाबीनने वऱ्हाडातली खरिपाची घडी बदलली. तेल काढल्यावर उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोयाबीन आणि मका यांच्या दाण्यातला सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेटच्या रूपात असतो: एका वलयाला फॉस्फेटचे सहा गट लागलेले. गाय-बैलांच्या पोटातले सूक्ष्मजीव फायटेज बनवतात, म्हणून त्यांना तो मिळतो. कोंबडीला ती सोय फारशी नाही. तिच्या पोटातून तो बहुतांश तसाच विष्ठेत जातो, आणि शेडवाल्याला खाद्यात वेगळे डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे डीसीपी घालावे लागते.

फायटेजचा शोध जपानमध्ये १९०७ साली भाताच्या कोंड्यात लागला. खाद्यात घालण्याजोगे फायटेज १९९१मध्ये युरोपच्या बाजारात आले. किलोभर खाद्यात ५०० एकक फायटेज घातले तर साधारण एक ग्रॅम स्फुरद मोकळा होतो असे धरतात. हिशेब केला तर टनामागे पाच-साडेपाच किलो डीसीपी वाचते आणि विष्ठेतून मातीत-पाण्यात जाणारा स्फुरदही घटतो. इथे पुन्हा रचनेचा प्रश्न येतो: खाद्याच्या गोळ्या करताना तापमान ८० अंशांवर गेले की साध्या फायटेजची घडी उलगडते आणि ते मरते. म्हणून उष्णता सोसणारी फायटेजे शोधणे किंवा त्यांच्यावर लेप देणे हा मोठा उद्योग झाला आहे.

हेच फायटेट आपल्या ताटातही आहे. ते लोह आणि जस्त धरून ठेवते, म्हणून धान्य-कडधान्यांतले लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. मटकीला मोड आणणे, पीठ आंबवणे या घरोघरच्या रीतींनी धान्यातले आणि सूक्ष्मजीवांचे फायटेज कामाला लागते आणि फायटेट घटते. रक्तक्षयाचे मूळ अपुऱ्या आहारात आहे, आणि कोणतीही युक्ती पोटभर अन्नाची जागा घेऊ शकत नाही. पण जे अन्न आहे त्यातले लोह अधिक मिळावे, यासाठी हे ज्ञान अंगणवाडीपर्यंत जायला हवे.

दवाखाना आणि डेअरी यांच्याबद्दल दोन छोटी प्रकरणे आहेत. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३मध्ये दाखवले, की वाढत्या हाडांत फॉस्फटेज भरपूर असते आणि हाड घट्ट होण्याशी त्याचा संबंध आहे. म्हणून वाढत्या मुलांच्या रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्त दिसतो, आणि पालकांनी त्याने घाबरू नये. मोठ्या माणसात तो वाढला तर डॉक्टर पित्तमार्ग, यकृत किंवा हाडे तपासतात. दुधात हे विकर निसर्गतःच असते. क्षयाचे जंतू मारायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित जास्त उष्णतेने ते निकामी होते. म्हणून ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेल्या दुधात ते सापडले, तर पाश्चरीकरण अपुरे झाले किंवा कच्चे दूध मिसळले गेले असे समजते. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये पुढे आलेली ही चाचणी आजही टिकून आहे.

पेशीच्या आत प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणारी फॉस्फटेजे हा स्वतंत्र महासागर आहे. प्रथिनांवर फॉस्फेट चढवण्या-उतरवण्याचे हे नियंत्रण शोधल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना १९९२चे नोबेल मिळाले. या पुस्तकात त्याची फक्त तोंडओळख आहे. त्यासाठी वेगळे पुस्तक लागेल, आणि ते मराठीत व्हावे अशी इच्छा आहे.

वाचकांनी हे पुस्तक कसे वाचावे, याबद्दल थोडेसे. रसायनाची सवय नसलेल्या कास्तकाराने मातीच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. रचनेचे प्रकरण नंतर वाचावे, पण वाचावे जरूर. शिक्षकांनी पिवळ्या रंगाचा प्रयोग वर्गात करून दाखवावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आमच्या अंगणात एक मोठे कामही पडले आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १०च्या आसपास असतो. तिथल्या जिवाणूंची विकरे इतक्या अल्कधर्मी पाण्यात कशी टिकतात, आणि खारपाणपट्ट्यातल्या मातीला त्यांचा काही उपयोग होईल का, हा प्रश्न वऱ्हाडातल्या संशोधकांनीच उचलायला हवा.

कास्तकार वाचकाला शेवटी एवढेच सांगणे आहे. खताचा खर्च दरसाल वाढतो आहे आणि त्याचा कच्चा माल आपल्या हातात नाही. मातीतले फॉस्फटेज आपल्या हातात आहे. यंदा पऱ्हाट्या आणि कुटार जाळू नका, ते कुजवून वावरात परत घाला. जमेल तेवढे शेणखत द्या, हरभरा-तुरीची फेरपालट सोडू नका, आणि खताची मात्रा तपासणीच्या कागदावरून ठरवा. प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना विनंती, की आपापल्या गावातल्या दोन वावरांची माती आणा, एक शेणखत पडणारे आणि एक न पडणारे, आणि दोन्हींतले विकर मोजा. जे आकडे येतील ते त्या गावाच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा.